बाराशेच्या आतले जग

मी, श्रीमती यशोधरा आबासाहेब वडमारे, वय ६८ वर्षे पूर्ण, व्यवसाय सेवानिवृत्त शिक्षिका (विषय भूगोल), राहणार वडवणी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला, आग्रहाला अथवा रडण्याला बळी न पडता लिहून ठेवते, ते येणेप्रमाणे:

१. शुद्धीबाबत. इतरांच्या मृत्युपत्रात हे एका ओळीत भागते. माझे भागणार नाही, कारण माझे दीर आप्पाराव वडमारे, राहणार तलवाडा, यांनी निदान चार ठिकाणी असे बोलून ठेवले आहे की, “वहिनी शुद्धीवर कवा असत्यात? त्यांच्या सहीला कोर्टात काय किंमत हाय?” म्हणून नमूद करते की गेल्या रविवारपासून आजच्या रविवारपर्यंत मी चहा, ताक आणि पाणी यांखेरीज काहीही प्यायलेले नाही. आज सकाळी डॉ. मोहिनी उजगरे यांनी घरी येऊन माझा रक्तदाब पाहिला. नंतर त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. एक्कावन्नला त्या “पुरे” म्हणाल्या. मी दोनपर्यंत गेले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

या मृत्युपत्राचा मसुदा वकिलांनी दिला होता. त्यात शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका निघाल्या, म्हणून मी सगळे पुन्हा लिहीत आहे. बेशुद्ध बाईला ऱ्हस्व-दीर्घ सुचत नाही, याचीही कोर्टाने नोंद घ्यावी.

२. परवान्याबाबत. मी रेड वाइन घेते. रविवारी दुपारी, जेवणाबरोबर, स्टीलच्या पेल्यात, एक पेला. दिवाळीत दीड. त्यासाठी सरकारचा आजीव परवाना माझ्याजवळ आहे आणि आरोग्य राखण्यासाठी म्हणून तो दिलेला आहे, असे त्यावर छापलेले आहे. तो काढायला मी एकटी बीडला गेले. टेबलामागे प्रवीण बसला होता, माझा विद्यार्थी, दहावी ‘ब’. त्याने अर्ज पुढे ओढला.

“बाई, नाव कुणाचं लिहू?”

“माझं.”

“सरांचं का?”

“सर गेले रे. माझंच लिही.”

त्याने मान वर न करता लिहिले, आणि मी निघताना उभा राहिला. असा परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नाही. होत असता तर तो मी आप्पारावांना दिला असता. का ते कलम ५ मध्ये येईल. माझ्या पश्चात तो प्रवीणकडे परत पाठवावा.

३. जगाचा नकाशा. हा शाळेने निर्लेखित केलेला, कापडी पाठीचा नकाशा मी रीतसर अर्ज करून घेतला होता. तो शाळेला परत द्यावा. त्यात सोव्हिएत संघ आहे. तो आता नाही, एवढे मुलांना सांगावे.

एकतीस वर्षे मी या नकाशासमोर उभी राहून भूमध्य सागरी हवामान शिकवले. उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात, पिके द्राक्षे आणि ऑलिव्ह. समोरच्या मुलांनी द्राक्षे बाजारच्या दिवशी पाहिलेली, ऑलिव्ह कोणीच नाही, मीही नाही. एकदा एका मुलीने विचारले, “बाई, तुमी ग्येलता का तिथं?” मी नाही म्हटले. “मंग कसं काय सांगताव?” तिला मी खाली बसवले. माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते आणि पासपोर्टही नव्हता. पासपोर्ट अजून नाही.

माझे यजमान आबासाहेब २०१६ साली गेले. पुढच्या वर्षी मी पुण्याला मुलाकडे, सौरभकडे, राहिले होते. सूनबाई मंजुषाने जेवताना एक बाटली उघडली आणि माझ्याकडे बघून परत झाकू लागली. मी सवयीने तिच्या हातातून बाटली घेऊन तिच्यावरची चिठ्ठी वाचली. मध्य दरी, चिली. एका बाजूला अँडीज, दुसऱ्या बाजूला किनाऱ्याचा डोंगर, मध्ये ही दरी. ती मी दरवर्षी फळ्यावर तपकिरी आणि हिरव्या खडूने काढत असे. मी म्हटले, “मंजुषा, थोडी दे.” सौरभचा घास हातात राहिला. चव मला फारशी आवडली नाही. तुरट, जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तशी. पण मी पेला संपवला आणि दुसऱ्या दिवशी तिला विचारले की अर्जेंटिनाची मिळते का.

येथे एक गोष्ट लपवत नाही. आबासाहेब पक्के उपासक होते. मीही लहानपणापासून पंचशील म्हणत आले आहे. माझा जन्म धर्मांतराच्या दुसऱ्या वर्षीचा, म्हणून तर आमच्या आईने हे नाव ठेवले. मद्य न घेण्याचे पाचवे शील मी मोडते हे मला ठाऊक आहे. त्यातून पळवाट निघते का हे मी कोणाला विचारले नाही, कारण उत्तर माहीत होते. विहारात मी पूर्वी पहिल्या रांगेत बसत असे. २०१७ पासून शेवटच्या रांगेत बसते. आबासाहेब असते तर मी एक थेंब घेतला नसता. ते नाहीत, आणि रविवारची दुपार फार लांब असते.

४. निळी वही. ही सूनबाई सौ. मंजुषा हिला द्यावी. यात आठ वर्षांत घेतलेल्या अकरा देशांच्या रेड वाइनच्या नोंदी आहेत. बाटलीला बाराशे रुपयांच्या वर जायचे नाही, हा नियम मी पहिल्याच महिन्यात घातला आणि मोडला नाही. पेन्शनवर जग पाहायचे तर सावकाश आणि स्वस्तात पाहावे लागते. मंजुषा घाईची आहे, वही उघडणार नाही. तिच्यासाठी महत्त्वाचे येथेच लिहिते.

बीडला शिवशंकर यांचे दुकान आहे. पाटीवर वाइन शॉप असे लिहिले आहे आणि आत वाइन सोडून सगळे असते. वाइनचा एक कोपरा, त्यावर धूळ. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, “मॅडम, कुणाला गिफ्ट द्यायचंय का?” आता ते माझ्यासाठी बाहेरून मागवतात आणि मला बसायला स्टूल देतात. बाटली काचेच्या कपाटात उन्हाला उभी असेल तर फुकट दिली तरी घेऊ नये. होळी ते मृग या काळात नवीन बाटली आणूच नये, आपल्याकडच्या उन्हात ती दुकानातच उकळते. आपल्या भावात फ्रान्सची घेतली तर नाव घरी येते आणि वाइन तिकडेच राहते. त्यापेक्षा चिली, पोर्तुगाल, दक्षिण आफ्रिका. अर्जेंटिनाची मटणाच्या रश्श्याबरोबर. इटलीची पातळ असते म्हणून मी नाक मुरडले होते, पण पिठलं-भाकरीला तीच बरी निघाली. ठेच्याबरोबर कोणत्याही देशाचे काही चालत नाही, ताक घ्यावे. फिरकीच्या झाकणाची लाज वाटू देऊ नये. माझी पहिली बुचाची बाटली मी सुताराचा स्क्रू आणि पक्कड घेऊन उघडली, अर्धे बूच आत गेले आणि स्पेनची वाइन चहाच्या गाळणीतून गाळावी लागली. पिण्याआधी तासभर ओल्या गोणपाटात गुंडाळून रांजणाशेजारी ठेवावी. आणि स्वस्त वाइन वर्षानुवर्षे ठेवून सुधारत नाही. या बाबतीत ती आमच्या दिरांसारखी आहे.

आता मुख्य गोष्ट. वहीतली अक्षरे माझी आहेत, निवड माझी नाही. ती भिवराबाईंची आहे.

भिवराबाई सटवा तागड मागच्या गल्लीत राहतात. घरची मेंढरे आहेत. मुलगा रामेश्वर वर्षातले आठ महिने ती घेऊन बाहेर असतो. एका रविवारी त्या माझ्या झाडांना लेंडीखत द्यायला आल्या आणि मी पेला पदराखाली झाकला. त्या म्हणाल्या, “झाकताव कावून? वास तर इथवर आला.” मी त्यांना थोडी देऊ का विचारले.

“मला नगं. माझा मालक दारूनंच ग्येला. म्या तोंडाला लावणार न्हाई. पर वास बगू द्या.”

त्यांनी पेला नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मग म्हणाल्या, “वाळल्यालं अंजीर. आन खाली कायतरी चामड्यावानी.” बाटली पोर्तुगालची होती. तेव्हापासून आठ वर्षे दर रविवारी त्या वास घेतात आणि मी पिते. ऑस्ट्रेलियाच्या शिराझ द्राक्षाच्या वाइनला त्यांनी मिऱ्याची पूड म्हटले. दक्षिण आफ्रिकेच्या एका बाटलीला चुलीतली राख. एकदा त्या म्हणाल्या, “ह्ये टाकून द्या, ओली घोंगडी हाय.” मला काही कळले नव्हते. मंजुषाने पुण्यात चौकशी केली तर बूच खराब झाले की नेमका तसाच वास येतो म्हणे. त्या माझ्याबरोबर एसटीने बीडला येतात, बाटलीच्या गळ्यावर बोट फिरवतात, चिकट लागले, म्हणजे उन्हाने वाइन बुचातून गळलेली, की परत ठेवतात. शिवशंकर त्यांना घाबरतात. आठ वर्षांत त्यांनी एक थेंब घेतलेला नाही. उलट माझा पेला संपला की त्या बूच लावून बाटली उचलून ठेवतात आणि म्हणतात, “झालं बाई. आता भांडी.”

५. रिकाम्या बाटल्या आणि तलवाड्याची जमीन. चिठ्ठ्यांवर गावांची नावे असतात म्हणून मी बाटल्या कोठीत जपून ठेवल्या होत्या. त्रेपन्न होत्या. त्या सर्व आप्पाराव यांना द्याव्यात, कारण त्यांनी त्या एकदा स्वतः उचलून बाहेर आणल्या आहेत आणि त्यांचा त्यांना सराव आहे.

या वर्षी फेब्रुवारीत आबासाहेबांचा नववा स्मृतिदिन होता. वंदना झाली, जेवणे चालली होती, ऐंशी-नव्वद माणूस असेल. आप्पाराव मीठ शोधायला म्हणून कोठीत गेले आणि गोणी ओढत बाहेर आले. ओसरीच्या पायऱ्यांवर एकेक बाटली मांडत गेले. सगळ्यांचे हात ताटात थांबले. शेवटची ठेवून ते म्हणाले, “बगा. माझ्या भावाच्या घरात ह्ये चाललंय. उपासकाच्या घरात.” मी सौरभकडे पाहिले, तो मोबाईलकडे पाहत होता.

तेव्हा पंगतीतून प्रवीण उठला. हात न धुताच पायरीजवळ आला, एका बाटलीवर वाकला आणि म्हणाला, “बाई, हिच्यावर चिली लिहिलंय. ते लांबडं, चिंचोळं हाय तेच का?”

मी म्हटले, “तेच. किती लांब?”

“चार हजार किलोमीटर.”

“थोडं जास्त. कोणत्या महासागराला लागून?”

मग काय झाले ते मला नीट सांगता येणार नाही. हातात भात वाढायचा डाव होता, तो घेऊन मी बाटल्यांवर फिरू लागले. हा चिली, हा अर्जेंटिना, मध्ये अँडीज. पंगतीत माझे तीसेक विद्यार्थी होते, पन्नाशीला आलेले, काहींची नातवंडे मांडीवर. ते उत्तरे देऊ लागले. कोणी चुकले की बाकीचे हसत. केप टाउनला हिवाळ्यात पाऊस का, हे मी गवारीच्या पातेल्यावर झाकण फिरवून दाखवले. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पाराव दोन वेळा “अवो पर” म्हणाले, त्यांना कोणी ऐकले नाही. त्या दिवशी मी जिंकले, असे मला वाटले. त्यांचे पुढचे एक वाक्य मात्र मला त्या गडबडीत ऐकू आले नाही. ते नंतर कलम ७ मध्ये येईल.

संध्याकाळी कोठी आवरताना पोर्तुगालच्या दोन भरलेल्या बाटल्या जागेवर नव्हत्या. मी कोणाला विचारले नाही. निवड चांगली होती एवढेच लिहिते.

तलवाड्याच्या दीड एकरातला माझ्या वाट्याचा हिस्साही मी आप्पारावांनाच देते. तो ते आजवर कसत आले आणि आबासाहेब तोंडी हो म्हणाले होते. हे वाक्य मी मंगळवारी लिहिले होते तेव्हा वेगळे होते. बुधवारी राग उतरल्यावर बदलले.

६. राहते घर आणि बँकेतली ठेव. वडवणी येथील घराच्या पुढच्या तीन खोल्या आणि ठेव मुलगा सौरभ यास द्यावी. सौरभ, तू वाईट मुलगा नाहीस. पण त्या दिवशी तू मान खाली घातलीस आणि प्रवीण उठला, हे मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. तू नंतर फोनवर म्हणालास, “आई, मला काय बोलावं सुचलं नाही.” मलाही एका माणसासाठी बोलायला सुचले नव्हते, म्हणून तुझा राग मी धरू शकत नाही.

७. मागची खोली. घराची मागची एक खोली, पडवी व नळासह, ~~भिवराबाई सटवा तागड यांना मालकी हक्काने द्यावी.~~

कारण असे. मी डाव घेऊन अर्जेंटिना दाखवत होते त्या वेळी आप्पारावांनी मागे वळून भिवराबाईंना म्हटले होते, “समदं हिनंच केलंय. वहिनीला नादाला लावलं. घरावर डोळा हाय हिचा.” त्यांच्याजवळ बसलेल्या बायकांनी ते ऐकले. भिवराबाईंनी अर्धवट ताट उचलले, नळावर घासून पालथे घातले आणि निघून गेल्या. मला दिसले नाही. मला टाळ्या ऐकू येत होत्या.

पुढचे चार महिने त्या आल्या नाहीत. बायकांनी मला दुसऱ्याच दिवशी सगळे सांगितले होते, तरी मी गेले नाही. उन्हाळ्याचा माझाच नियम मोडून मी शिवशंकरांकडे एकटी गेले, चिठ्ठ्यांवरची चित्रे बघून चार बाटल्या घेतल्या आणि चारही वाईट निघाल्या. एक भाजीत घातली तर भाजी गेली. जूनमध्ये एका दुपारी पाचवी पिशवीत घालून मी मागच्या गल्लीत गेले. घरापासून एकशे दहा पावले. भिवराबाई दारात लोकर पिंजत बसल्या होत्या.

“या बाई,” म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.

“भिवराबाई, माझं चुकलं.”

“तुमी समद्या देशांचं सांगितलं. माझ्यासाठी येक सबूद न्हाई काढला.”

“नाही काढला.”

“आन चुकलं मनाया चार महिने कावून लागले?”

“लाज वाटत होती.”

त्या पिंजत राहिल्या. मी उन्हात उभी होते. मुलांना असे उभे करून ठेवायची वेळ माझ्यावर शाळेत अनेकदा आली, माझ्यावर उलटी कधी आली नव्हती. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “पिशवीत काय हाय?” मी बाटली पुढे केली. त्यांनी गळ्यावर बोट फिरवले, ते चिकटले. वास घ्यायची गरजच पडली नाही.

“कुणी निवडली?”

“मी.”

“दिसतंय,” म्हणाल्या आणि सरकून उंबऱ्यावर जागा केली.

त्याच आठवड्यात मी आप्पारावांना फोन करून सांगितले की भिवराबाईंनी आजवर एक थेंब घेतलेला नाही आणि हे तुम्ही त्याच बायकांना येऊन सांगायचे. ते आले. ओसरीवर उभे राहून जमिनीकडे बघत सांगितले. चहा घेतला नाही.

८. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने आणि साधा करावा. आबासाहेबांच्या फोटोशेजारी माझा लावताना दोन बोटे अंतर ठेवावे, आठ वर्षांचा हिशेब आमचा आम्ही बघू. त्या दिवशी माझ्या आठवणीत म्हणून कोणीही वाइन उघडू नये. ज्याला उघडायची असेल त्याने पुढच्या रविवारी, दुपारी, जेवणाबरोबर उघडावी.

९. कलम ७ मधील खाडाखोडीबाबत. आज दुपारी सह्यांसाठी वकील, डॉ. मोहिनी आणि भिवराबाई माझ्या ओसरीवर जमले. वकिलांनी सगळे मोठ्याने वाचले. खोलीचे कलमही भिवराबाईंनी ऐकले. मग साक्षीदारांची जागा आली. एक डॉक्टर, दुसरा कोण, असे वकिलांनी विचारले.

भिवराबाई म्हणाल्या, “म्या करते अंगठा.”

वकिलांनी समजावले की ज्याला मिळकतीतून काही मिळते त्याची साक्ष हलकी पडते. समोरचा वकील म्हणेल, हिला खोली मिळाली म्हणून ही बोलते. दोन्हीतले एक काय ते घ्या.

“मंग खोली खोडा,” भिवराबाई म्हणाल्या.

मी म्हटले, “भिवराबाई, साक्षीदार कोणीही मिळेल. खोली परत मिळणार नाही.”

“कोन मिळंल? रविवारी तुमच्यापाशी कोन बसतंय, म्या का दुसरं? उद्या तुमी ग्येल्यावर कुनी म्हनलं, बाई पिऊन सही करून ग्येली, तर त्याला सांगाया कोन हाय? डाक्टरीनबाई आज आल्या. म्या आठ वर्सं बगते.” मग थोड्या वेळाने, “खोलीला काय, चार भिती. मला हायत्या माझ्या चार.”

मी वाद घातला. अर्धा तास घातला. डॉ. मोहिनींना दवाखान्यात पेशंट होते, त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले. शेवटी भिवराबाईंनी माझा पेन धरलेला हात धरून खोलीच्या ओळीवर नेला. ती ओळ मी खोडली आहे. मागची खोली आता मंजुषा हिला द्यावी. तिला फोन केला तर ती म्हणाली, “आई, खोली माझ्या नावावर राहू द्या. किल्ली मात्र मी भिवराबाईंकडेच ठेवीन, मला पुण्याला कुठं सांभाळायची.” किल्ली ही मिळकत नव्हे, असे वकिलांनी सांगितले आहे.

खोडताना रेघ वाकडी गेली आहे. डोळ्यांत पाणी आल्यामुळे गेली आहे, दुसऱ्या कशाने नव्हे. हे साक्षीदारांनी पाहिले आहे.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि शेवटचे समजावे.

ठिकाण: वडवणी, जिल्हा बीड
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही
यशोधरा आबासाहेब वडमारे

साक्षीदार:

१. डॉ. मोहिनी उजगरे, वडवणी. सही. (रक्तदाब १३०/८०. सही करणाऱ्या व्यक्तीने माझ्या दाखल्यातील एक वेलांटी दुरुस्त केली.)

२. भिवराबाई सटवा तागड, वडवणी. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. त्यांनी सांगितल्याप्रमाणे शब्दशः लिहिले: “बाईनं म्या बगताना सही केली. सकाळधरनं तीन कप चहा पिल्यात, बिनसाखरेचा. कुनाला इचारायचं आसंल तर म्या मागच्या गल्लीत हाय.”